इस्माईल चाचांचा पासवर्ड

भंगाराचा टेम्पो दारात उभा होता. त्यात गंजलेलं वॉशिंग मशीन आणि फ्रिजचा सांगाडा आधीच चढला होता. जागा एका वस्तूपुरती उरली होती, आणि ती वस्तू मी पडवीतल्या टेबलावर खोलून बसलो होतो.

"दुपारच्या नमाजापर्यंत वेळ हाय तुला, म्हात्रे," इस्माईल चाचा म्हणाले. "सुरू झाला तर ठेवू. न्हाय तर टेम्पोत."

"तो कुठंच जाणार न्हाय," आतून जुबेदा चाचींचा आवाज आला.

माझं मुरूडला कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. चाचांचं घर आगरदांड्याला, जेट्टीच्या वरच्या अंगाला. ते आखातात एका कंपनीच्या स्टोअरमध्ये होते. सुट्टीवर येताना त्यांनी एकदा हा टेबलावरचा डेस्कटॉप कॉम्प्युटर आणला आणि पुढच्या खेपेला चाचींसाठी भरतकामाचं मशीन. हे मशीन साधं नाही. कॉम्प्युटरवर नक्षी काढायची, ती केबलने मशीनला पाठवायची, मग सुई आपली आपण भरत जाते. चाची दोन्ही शिकल्या. आसपासच्या गावांतल्या लग्नांच्या ओढण्या त्यांच्याकडून भरून जायच्या. मग एके दिवशी कॉम्प्युटर बंद पडला. चाचा म्हणाले, पुढच्या सुट्टीत बघू. नंतर चाचा कायमचे घरी आले, पण ती पुढची सुट्टी काही आली नाही.

आता धाकट्या लेकीचं, सनाचं लग्न ठरलं होतं. थोरलीच्या ओढणीवर चाचींनी स्वतः काढलेली वेल होती. सनाला तीच हवी होती, आणि ती नक्षी फक्त या कॉम्प्युटरमध्ये होती.

"त्यापेक्षा नवा लॅपटॉप घ्या की," टेम्पोवाला म्हणाला. तो माणगावचा. वाट बघून कंटाळून तो आता खुर्ची ओढून माझ्या शेजारीच बसला होता.

"मशीनची केबल रुंद तोंडाची आहे," मी म्हणालो. "आताच्या लॅपटॉपला ती लागायला जागाच नसते."

चाचांनी कॉम्प्युटर प्लास्टिकमध्ये गुंडाळून, आत डांबरगोळ्या टाकून, वर चिकटपट्टी मारून ठेवला होता.

"आमच्या कंपनीत माल असाच पॅक करायचे," ते अभिमानाने म्हणाले.

तिकडच्या कोरड्या हवेत ते ठीक. इथे खाडीची हवा. प्लास्टिकमध्ये दमट हवा कोंडून राहते आणि आतल्या आत गंज धरतो. मी हे सांगितलं. चाचांनी ऐकलं नाही असं दाखवलं.

बटण दाबलं तर काहीच हालचाल नाही. अशा वेळी पहिला संशय एसएमपीएसवर. आलेली वीज कॉम्प्युटरच्या सगळ्या भागांना वाटून देणारा हा डबा. तो काढला. त्याच्या पंख्याच्या पात्यांमध्ये मातीचं टुमदार घर होतं. चिकटपट्टी सुटलेल्या फटीतून कुंभारीण माशी आत शिरली होती आणि तिने निवांत संसार थाटला होता.

"म्हणजे माझा कॉम्प्युटर बंद नव्हता," चाचा म्हणाले. "भाड्याने दिला होता."

"सामान उचलून ठेवायचं काम तुमचं होतं," चाची दारात येऊन म्हणाल्या. "भाडेकरूला नावं ठेवू नका."

डब्यातल्या काही कपॅसिटरची डोकी फुगली होती. कपॅसिटर म्हणजे वीज साठवणारी छोटी नळकांडी. ती फुगली की डबा बदलणं सोपं. माझ्या बॅगेत एक वापरलेला पण चांगला होता. तो बसवला. पंखा फिरला. चाची एक पाऊल पुढे आल्या.

स्क्रीन मात्र काळीच. आतून नुसतं बीप, थांबून पुन्हा बीप. हे रॅमचं रडगाणं. रॅमच्या पट्टीच्या सोनेरी कडेवर मळ चढला की कॉम्प्युटरला तिची ओळख पटत नाही. मी पट्टी काढली आणि खोडरबराने कड घासायला लागलो.

"रबराने?" चाचा खुर्चीतून उठलेच. "आमच्या कंपनीत इंजिनिअर यायचे ते स्प्रे मारायचे."

"माझ्याकडेही स्प्रे आहे. पण रबराने काम भागतं."

भागलं. स्क्रीनवर पांढरी अक्षरं आली. आता खरी भीती हार्डडिस्कची होती. बाकी सगळे भाग बदलता येतात. पण डिस्क गेली की तिच्यातलं सगळं गेलं. मी कान लावला. आधी एक घरघर, मग सरळ एकसुरी आवाज. चाचींचे हात पिठाने भरलेले होते, ते त्यांनी तसेच छातीशी धरले होते.

जुनी सिस्टीम सुरू झाली आणि पासवर्ड मागून थांबली.

"उठ," चाचा मला म्हणाले. एका हाताचा आडोसा करून त्यांनी दुसऱ्या हाताने पासवर्ड टाकला. चुकला. पुन्हा टाकला. पुन्हा चुकला.

"विसरलात," चाची म्हणाल्या.

"मी? कधीच न्हाय."

मी ठिपके बघत होतो. एक अक्षर दाबलं की एक ठिपका यायला हवा. चाचांची बोटं जास्त वेळा पडत होती आणि ठिपके कमी येत होते. कीबोर्डच्या काही कळा मेल्या होत्या.

"चाचा, कुठली अक्षरं आहेत सांगा. तेवढ्या कळा उघडून साफ करतो."

"पासवर्ड सांगायचा नसतो. सगळ्या साफ कर."

"त्याला संध्याकाळ होईल. दुसरा कीबोर्ड दुकानात आहे." मग मला दुसरा उपाय सुचला. "स्क्रीनवर कीबोर्डचं चित्र आणता येतं. त्यावर माऊसने एकेक अक्षर दाबायचं."

"मग ते सगळ्यांना दिसणार?"

"दिसणार."

चाचा विचारात पडले. मग म्हणाले, "सगळे बाहेर व्हा."

"माझ्या घरात मी कुठं जाऊ?" चाची म्हणाल्या. टेम्पोवाल्याने खुर्ची आणखी पुढे घेतली. गिऱ्हाइकाचा मान म्हणून मी तेवढा खाडीकडे तोंड करून उभा राहिलो.

माऊस जपून सरकत होता. मागे चाची हळू आवाजात वाचत होत्या. "जे... ए... डब्ल्यू..." माऊस आणखी सरकला. "एल... ए. जवळा?"

सिस्टीम उघडल्याची धून वाजली. तिच्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं.

"सुका जवळा शिजवला की हे नाकाला रुमाल लावतात," चाची मला सांगायला लागल्या. "मला मागच्या अंगणात चूल मांडायला लावतात. इतकी वर्षं! आणि यांचा पासवर्ड जवळा?"

चाचा स्क्रीनकडेच बघत होते. "तिकडं मिळायचा न्हाय," ते म्हणाले. "रोज आठवायचा. म्हणून तोच टाकला."

"मग इथं आल्यावर नाक मुरडायला काय झालं?"

"पहिल्या सुट्टीत पाहुणे बसले होते. त्यांच्यासमोर बोलून गेलो, आता हा वास सहन होत न्हाय म्हणून." चाचांनी माऊस बाजूला सारला. "एकदा बोललो. मग मागं कसा घेऊ?"

मी हसलो नाही. धंद्यात ते पाळावं लागतं. माझ्या वाटणीचं टेम्पोवाला हसला.

चाची हात पुसून कॉम्प्युटरसमोर बसल्या. एवढ्या वर्षांनी, पण त्यांना काही शोधावं लागलं नाही. फोल्डर उघडला, त्यात आणखी एक, आणि त्यात ती वेल. त्या बोटाने स्क्रीनवरची पानं चाचपत राहिल्या. मी आधी सगळ्या नक्ष्या पेनड्राईव्हवर उतरवल्या. जुन्या डिस्कचा भरवसा धरायचा नसतो. आज उठली, उद्या उठेलच असं नाही.

मग केबल जोडली. मशीनला चाची तेल घालत आल्या होत्या, ते तयारच होतं. जुन्या उशीच्या अभ्र्यावर चाचणी घेतली. पहिल्यांदा दोरा तुटला. चाचींनी दोऱ्याचा ताण सैल केला. दुसऱ्यांदा सुई चालत राहिली. एक पान झालं, देठ झाला, दुसरं पान झालं. चाचींनी डोळ्यांना पदर लावला आणि दिव्याचा उजेड डोळ्यावर येतोय म्हणाल्या. दिवा लावलेला नव्हता.

मशिदीतून अजान ऐकू आली. चाचा उठले. जाता जाता टेम्पोवाल्याला म्हणाले, "जा बाबा तू. काय न्हाय आता इथं तुझ्यासाठी."

सनाच्या लग्नात ओढणी मी पाहिली. वेल अगदी काठाकाठाने फिरली होती. त्यानंतर चाचींकडे पुन्हा कामं यायला लागली.

दुरुस्तीच्या त्या दिवशी निघताना मी नेहमीचा सल्ला दिला होता. "चाची, जुनं यंत्र चालवून जेवढं बिघडतं, त्यापेक्षा जास्त ते बंद ठेवून बिघडतं. आठवड्यातून एकदा तरी याला चालू करा."

चाचींनी मशिदीच्या वाटेकडे बघितलं. "आणि यांना?"

ते माझ्या दुरुस्तीत बसत नाही, असं मी म्हणालो. पण मागच्या महिन्यात पुन्हा गेलो तेव्हा चाचा पडवीत बसून रंगांप्रमाणे दोऱ्यांची रिळं लावत होते, आणि आमच्या कंपनीत ही कामं वेगळा माणूस करायचा म्हणून कुरकुरत होते. तब्येत मात्र चांगली दिसली.