पान की पाव

माझ्या मावसभावाइतकं कानाबद्दल जाणणारा आणि स्वतःच्या कानांचा इतका कमी उपयोग करणारा माणूस अख्ख्या अंधेरीत सापडणार नाही. तिथल्या औद्योगिक वसाहतीतल्या एका गाळ्यात बसून तो यंत्राला माणसासारखं ऐकायला शिकवतो. आपल्या कानात गोगलगायीच्या शंखासारखी वेटोळी नळी असते, ती जाडे-बारीक आवाज वेगवेगळे निवडते, आणि मोठा आवाज शेजारच्या बारीक आवाजाला गिळून टाकतो, हे सगळं त्याने मला एका लग्नाच्या पंगतीत, जिलबी गार होईपर्यंत समजावलं आहे. वर्सोव्याच्या बाजारात कोळणीपुढे माइक धरून त्याने तिच्याकडून ‘सुरमई’ चारदा वदवून घेतलं आणि मासळी न घेताच निघाला. त्यावर तिने जे सुनावलं तेही त्याने आनंदाने रेकॉर्ड केलं. मी एकदा कळवळून म्हणालो, “माझी नोकरी गेली रे.” हा डोळे मिटून म्हणतो, “परत म्हण ना यार, तुझा ‘न’ काय झकास लागलाय!” मी परत म्हणालोही.

वर्सोव्यात एकटी राहणारी मावशी, म्हणजे त्याची आई, कमी ऐकू लागली तेव्हा मात्र गडी हादरला. एरवी मुलुंडहून फक्त गणपतीला उगवणारा हा दर रविवारी स्वतः बनवलेलं श्रवणयंत्र घेऊन येऊ लागला. “हिचे सगळे शब्द बरोबर आले की काम फत्ते, मग एवढ्या लांब यायची कटकट नाही,” असं तो तिच्यासमोरच म्हणाला. तो तिच्या पाठीमागे उभा राहून “पान” म्हणे, मावशी म्हणे “पाव.” तो “सात” म्हणे, ती “भात.” बिचारा वहीत फुल्या मारी, लॅपटॉपवर काहीबाही बदली, मावशीच्या हातचं पोटभर जेवे आणि संध्याकाळी उतरल्या तोंडाने घरी जाई.

गेल्या रविवारी मीही मावशीकडे जेवायला गेलो होतो. तो फोनवर बोलायला बाल्कनीत गेला असताना मी स्वयंपाकघरात स्वतःशीच पुटपुटलो, “मीठ कुठे ठेवलंय कोण जाणे.” बाहेरच्या खोलीतून उत्तर आलं, “वरच्या फळयेर.” मी बाहेर आलो. मावशी ओशाळली होती.

“सगळा ऐकाक येता रे माका,” ती हळूच म्हणाली. “पण बरोबर सांगलंय तर तो परत कित्याक येतलो?”

मला हसू आलं आणि लगेच गलबलून आलं. तेवढ्यात हा आत आला, वही सोफ्यावर टाकून मटकन बसला. “वाट लागली रे माझ्या मॉडेलची. तू खरं सांग, हिला ऐकू येतंय का?”

मावशी माझ्याकडे बघत होती.

“नाही रे, अजून नाही,” मी म्हणालो. “तू येत राहा.”