दोन ग्राउंड आणि एक जाहीर निषेध

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षी मी दोनच कामं करत होतो: विद्यार्थी संघटनेची पत्रकं लिहिणं आणि संगणकावर चिप आखणं. त्यातलं पहिलं मला येत होतं.

प्रोजेक्टमधली जोडीदार उचगावची. तिचे वडील फौंड्रीत वायरमन. तिला बेंगलोरच्या एका कंपनीचं नोकरीचं पत्र आलं होतं, पण प्रोजेक्ट पास झाल्याशिवाय त्याचा काही उपयोग नव्हता. परीक्षक सोमवारी येणार होते आणि शुक्रवारी दुपारी आमची चिप नापास झाली.

आधी सर्किट काढायचं, मग धातूच्या पट्ट्या कुठून कशा जातील त्याचा नकाशा, म्हणजे लेआउट. दोन्ही जुळतात का, ते संगणक तपासतो. सर्किटमध्ये ग्राउंडचं टर्मिनल, म्हणजे वीज परत जायचं टोक, एक होतं. लेआउटमध्ये मी ग्राउंडच्या दोन पट्ट्या काढल्या, एक डावीकडं, एक उजवीकडं, आणि दोन्हींवर ‘ग्राउंड’ हेच नाव टाकलं. संगणकाचं म्हणणं, ही दोन ग्राउंड वेगळी आहेत.

माझं डोकं फिरलं. एकाच नावाच्या दोघांना परकं ठरवणारा हा कोण? अर्ध्या तासात लॅबच्या दारावर माझं पत्रक लागलं: ‘सदोष यंत्रणेचा जाहीर निषेध. लॅब पाचला बंद करणाऱ्यांनो, उत्तर द्या.’ लॅब सांभाळणाऱ्या सरांनी ते चष्मा लावून दोनदा वाचलं आणि दाराला कुलूप घातलं.

“यंत्रावर इश्वास न्हाय, त्यानं यंत्रापुढं बसू नये की,” ते म्हणाले.

जोडीदार कँटीनमधून आली. तिनं पत्रक वाचलं, मग माझ्याकडं पाहिलं.

“पुढारी, त्या दोन पट्ट्या जोडल्यायस काय?”

“नाव एकच आहे.”

“जोडल्यायस काय?”

“नाही.”

“आमचे पप्पा सांगत्यात, दोन बोर्डांवर खडूनं अर्थिंग लिवलं म्हणून अर्थिंग होत न्हाय. मधी तार लागती.”

मग वर्षभर माझ्या डोक्यात न शिरलेलं तिनं पाच मिनिटांत सांगितलं. सर्किटमधलं टर्मिनल लॉजिकल, म्हणजे विचारातलं; ते एकच. लेआउटमधलं फिजिकल, खराखुरा धातूचा तुकडा. असे तुकडे दोन असोत की चार, आतून धातूनं जोडलेले हवेत.

“वीज पत्रकं वाचत न्हाय,” ती म्हणाली.

मी सरांकडं जाऊन माफी मागितली.

“पावणं, निषेध लेखी आन् माफी तोंडी? जिथं ते चिकटवलंय, तिथंच हे बी चिकटवा.”

मी सहा ओळी लिहिल्या. व्यवस्थेबद्दलच्या चार तिनं खोडल्या. उरलं ते असं: ‘चूक यंत्राची नव्हती, माझी होती. दोन पट्ट्या जोडायच्या राहिल्या होत्या.’ इतकं रोडकं पत्रक मी आयुष्यात काढलं नव्हतं.

“पहिल्यात जोर जास्त हुता,” सर म्हणाले आणि कुलूप काढलं. लॅब पाचलाच का बंद होते, याचं उत्तर मात्र त्यांनी दिलं नाही. तो मुद्दा मी अजून सोडलेला नाही.

तिनं ग्राउंडच्या दोन्ही पट्ट्यांना जोडणारी एक पट्टी ओढली आणि तपासणी पुन्हा लावली. एकही चूक निघाली नाही. पाचला दहा मिनिटं कमी होती.

सोमवारी परीक्षकांनी तिला बराच वेळ प्रश्न विचारले, मान डोलावली आणि सही केली. मग ते माझ्याकडं वळले.

“आणि तुम्ही काय केलंत?”

मी तोंड उघडायच्या आत ती म्हणाली, “सर, ह्यानं नावं टाकली.”