वॉकर आणि परीट

सौदीतल्या हफ्र अल बातिनच्या कामगार छावणीत बाबाजी स्वतःला कोळथरकर म्हणवून घ्यायचा. पासपोर्टवर परीट होतं, पण पासपोर्ट पेटीत. गावात ‘ए परटा’ ऐकून त्याचे कान किटले होते. ती हाक इथं नको होती.

तेलाचा पैसा वाहत होता, वाळूत शहर उठत होतं. छावणीची लाँड्री बाबाजीच्या ताब्यात द्यायचं ठरलं. श्रीवर्धनचा कादिर रंगारी पाटी घेऊन आला.

“नाव सांग.”

“कोळथरकर.”

“अरे, धुतोस तू आणि नाव गावाचं?”

“रंगव मुकाट्यानं.”

“उद्या रंगवतो. तोवर विचार कर.”

थंडी तोंडावर होती. छावणीभरची ब्लँकेटं धुवायला आली आणि यंत्र बंद पडलं. सुटा भाग रियाधहून यायचा होता. बाबाजीनं वाट पाहिली नाही. हौदात कोमट साबणपाणी सोडलं, विजार गुंडाळली आणि उतरला. भिजलेलं ब्लँकेट माणसाएवढं जड. ते नाचून धुतलं जात नाही. टाच रोवायची, भार टाकायचा, मग पाऊल पुढं. दुपारपर्यंत पोटऱ्यांचे दगड झाले, पण पाणी काळं निघत होतं. म्हणजे काम बरोबर चाललं होतं.

छावणीचा मुख्य वॉकरसाहेब आला. आता ओरडणार, असं बाबाजीला वाटलं. साहेब त्याच्या पायांकडं बघत राहिला, मग हसून काही बोलला. पाटी रंगवायला आलेल्या कादिरनं अर्थ सांगितला.

“म्हणतो, हेच माझं आडनाव. विलायतेत त्यांच्याकडं पूर्वी लोकरीचं कापड असंच हौदात तुडवायचे. तुडवणारा तो वॉकर.”

“थट्टा करतोय मेला.”

“थट्टा कसली! छाती फुगवून सांगतोय बघ.”

बाबाजीनं बघितलं. साहेबाच्या तोंडावर लाज नव्हती. सगळी छावणी हेच नाव अदबीनं घेत होती.

“आणि तुझं?” साहेबानं विचारलं. कादिरनं प्रश्न मराठीत करून बाबाजीकडं पाहिलं.

“परीट,” बाबाजी म्हणाला. मग पुन्हा, मोठ्यानं, “परीट! सांग त्याला, आमचे पूर्वजही हेच करायचे. आणि मी अजून करतोय!”

साहेब खदखदून हसला आणि वाकून त्याचा ओला हात हातात घेतला.

शेवटचं ब्लँकेट दोरीवर चढल्यावरच बाबाजी पाटीकडं गेला. वर अरबी, मग इंग्रजी, कोपऱ्यात मराठीत ‘परीट लाँड्री’.

“हे काय मुंगीएवढं? पूस.”

“मराठी वाचणारे इथं कितीसे?”

“आहेत तेवढ्यांनी फाटकापासून वाचलं पाहिजे.”

कादिरनं कुरकुरत मोठा ब्रश काढला. बाबाजी शेजारी उभा राहून एकेका अक्षराची जाडी तपासत राहिला.