हलक्या ठोक्याचा बिघाड

सुप्याच्या हलगीवाल्याला माझ्या खोलीत बसवून मी त्याचे हलके, मध्यम, जोराचे ठोके रेकॉर्ड केले. मग कॉम्प्युटरवर व्हेलॉसिटी लेयर लावत बसलो: काठीने वाजवायच्या इलेक्ट्रॉनिक पॅडवर हळू मारलं तर हलका ठोका वाजावा, दणका दिला तर जोराचा. हलगी खरी वाटावी म्हणून ही सगळी उठाठेव. इंदापूरच्या बँजो पार्टीतला पॅडवाला ही हलगी आपल्या पॅडमध्ये भरून घेऊन गेला आणि पहिल्याच वरातीतून त्याचा फोन आला.

"दादा, हळू मारलं की आवाज बारीक येतोय. बिघाड हाय."

धन्य तो कलावंत! मी दात-ओठ खात हलके, मध्यम सगळे ठोके उडवले आणि जोराचा तेवढा ठेवला. 

दुसऱ्या वरातीतून पुन्हा फोन.

"आत्ता खरी हलगी वाटतीया, दादा. आधीची पार कॉम्प्युटरची वाटत हुती."