बाबांचं दमादमाचं चार्जिंग

बाबांनी सगळी नोकरी लाँचच्या इंजिनापाशी काढली. रेवसहून भाऊच्या धक्क्याला जाणाऱ्या लाँचवर ते ड्रायव्हर होते. त्यामुळे जगातली कुठलीही वस्तू बिघडली की ते तिची तुलना इंजिनाशी करतात. फ्रिज असो, मिक्सर असो, नाहीतर शेजाऱ्यांच्या जावयाचा गुडघा. म्हणून गेल्या दिवाळीत मी त्यांना आणि आईला एकसारखे दोन मोबाइल आणून दिले, तेव्हा खोक्यातला जाडजूड चार्जर हातात घेऊन ते काय म्हणणार, हे मला आधीच ठाऊक असायला हवं होतं.

"हा केवढा? ह्यानं किती वेळात भरतो?"

"पाऊण तासात," मी म्हणाले.

त्यांनी चार्जर पुन्हा खोक्यात ठेवला, खोका बंद केला आणि कपाटावर टाकला. "थंड इंजिन एकदम रेस केलं की पिस्टनच्या रिंगा जातात. दमादमानं तापवावं लागतं. मी माझा जुनाच चार्जर वापरीन."

जुन्या चार्जरवर नवा मोबाइल भरायला जवळजवळ चार तास लागायचे. बाबांना घाई नव्हती. आईला होती. आई सुकी मासळी विकते. सकाळी बंदरावर जाऊन ओली मासळी घ्यायची, बोंबील वाळत घालायचे, सुकट निवडायची आणि मधूनमधून पनवेल-पुण्याच्या गिऱ्हाइकांचे फोन घ्यायचे. ती परत आली की पाणी ठेवायच्या ओट्याखाली, गार फरशीवर, मोबाइल चार्जिंगला लावायची. तिचा चहा पिऊन होईपर्यंत तो निम्म्याच्या वर भरलेला असायचा. मग ती तो उचलून पुन्हा बाहेर.

"वर्षाच्या आत तुझा मोबाइल फुगंल," बाबा म्हणायचे.

"फुगू दे. तुमचा निदान भरू तरी दे," आई म्हणायची.

मी अलिबागला शाळेत विज्ञान शिकवते. दोघांना मी समजावून पाहिलं, की फास्ट चार्जिंग सुरुवातीलाच जोरात चालतं, बॅटरी भरत आली की मोबाइल आपणहून वेग कमी करतो. त्यानं थोडीफार जास्त झीज होत असेल, पण बॅटरीला खरा त्रास उष्णतेचा. दोघांनीही शांतपणे ऐकून घेतलं आणि दोघांनाही आपलंच म्हणणं खरं ठरल्यासारखं वाटलं. तेव्हा मी शिक्षकाचा शेवटचा उपाय काढला. म्हटलं, प्रयोग करू.

प्रयोग असा. बाबांनी वर्षभर हळूच चार्ज करायचं, आईनं फास्टच. महिन्यातून एका रविवारी दोन्ही मोबाइल पूर्ण भरून, शेजारी शेजारी ठेवून, एकच भजनाचा व्हिडिओ पुन्हा पुन्हा लावायचा आणि कुणाची बॅटरी आधी निम्म्यावर येते ते वहीत लिहायचं. यात एक गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती. दोन मोबाइल कधीच अगदी एका क्षणी सुरू होत नाहीत. रविवारी सकाळपासून आमच्या घरात एक भजनीबुवा आणि त्यांच्या अर्धी ओळ मागून तेच भजनीबुवा गात राहायचे. दुसऱ्या महिन्यापासून शेजारच्या काकू रविवारी माहेरी जाऊ लागल्या.

होळीपर्यंत दोन्ही मोबाइल बरोबरीत होते. आईला काही वाटत नव्हतं, पण बाबांचा चेहरा उतरला होता. ते दर महिन्याला वही मागून घेत, चष्मा लावून आकडे बघत आणि परत देत.

इथं मी एक आगाऊपणा केला. आईच्या मोबाइलच्या सेटिंगमध्ये जाऊन फास्ट चार्जिंगचं बटण बंद केलं. बाबांची कीव आली म्हणून केलं असं मी नंतर सांगितलं, पण ते पूर्ण खरं नाही. आईच्या लक्षात येतं का, हे मला बघायचं होतं.

तिसऱ्या दिवशी आलं. "चहा संपला तरी ह्याचं पोट भरत न्हाय," ती म्हणाली. "चार्जर गेला वाटतं."

मी वर्तमानपत्रात डोकं घातलं. तशीच आठवडाभर कुरकुर चालली. मग एका दुपारी बाबा बाहेर गेलेले असताना तिनं स्टूल घेतलं आणि बाबांच्या खोक्यातला न वापरलेला चार्जर लावून बघावा म्हणून कपाटावरचा खोका काढला. तो उघडून तिनं माझ्यासमोर धरला. आत माहितीपत्रक होतं आणि कव्हरची पिशवी होती. चार्जर नव्हता.

आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. आईनं खोका होता तसा बंद करून जागेवर ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बंदरावरची खरेदी आटोपून ती धक्क्यावरच्या चहाच्या टपरीत गेली. बाबा आणि त्यांचे जुने सोबती रोज तिथंच बसतात, पण त्या वेळी सगळे बाहेर, नव्या बोटीची रंगरंगोटी बघायला गेले होते. टपरीच्या पत्र्याखाली, स्टोव्हला लागून असलेल्या फळीवर, जाड चामडी कव्हरात बाबांचा मोबाइल उभा होता. त्यावर क्रिकेटची मॅच चालू होती आणि त्याला तो पांढरा, जाडजूड चार्जर लावलेला होता.

"हे इथं कधीपासून?" आईनं टपरीवाल्याला विचारलं.

"थर्टीफस्टच्या आधीपासून. मॅच बघाया सगळ्यांना लागतो ना. हळू चार्जरवर जितका भरतो त्याच्यापेक्षा जास्त खातो."

आईनं चहा घेतला. मग टपरीवाल्याला 'सांगू नका' म्हणून बजावलं, मोबाइल तसाच ठेवून फक्त चार्जर काढला, बोंबलांच्या टोपलीत टाकला आणि घरी आली.

पुढचे तीन दिवस माझ्या आयुष्यातले फार सुखाचे गेले. बाबांना चार्जर शोधायचा होता आणि काय शोधतोय ते सांगता येत नव्हतं. त्यांनी सायकलची पिशवी पालथी केली, गादी उचलली, तांदळाच्या डब्यातही डोकावून पाहिलं.

"काय हरवलं?" आई विचारायची.

"काय न्हाय. असंच."

चौथ्या दिवशी आईनं जेवताना चार्जर त्यांच्या ताटाशेजारी ठेवला. त्याला अजून बोंबलांचा वास होता. बाबांनी आधी त्याच्याकडे, मग भाताकडे पाहिलं.

"मॅचच्या वेळी तेवढा," ते म्हणाले.

"आणि मॅच किती वेळा?"

"कधीमधी."

आई हसली तेव्हा मलाही राहवलं नाही आणि मी माझा गुन्हा कबूल केला. बटण बंद केल्याचं ऐकून आईचं हसू थांबलं. पनवेलच्या गिऱ्हाइकाचा फोन त्याच आठवड्यात बॅटरी संपून तुटला होता. शिक्षा म्हणून मी दोन रविवार सुकट निवडली.

मे महिन्यात बाबांच्या मोबाइलची पाठ एका बाजूनं वर आली. बॅटरी फुगली होती. बाबांच्या चेहऱ्यावर दिवाळीपासून न दिसलेलं समाधान होतं. "बघ. मी म्हणत होतो ना, फास्ट चार्जिंगनं फुगतो. मी स्वतः करून बघितलं."

त्याच दिवशी त्यांना घेऊन मी अलिबागच्या दुरुस्तीवाल्याकडे गेले. त्यानं आधी बजावलं, की अशा मोबाइलला पुन्हा चार्जर लावायचा नाही, दाबायचा तर मुळीच नाही. मग विचारलं, "काका, चार्जिंगला कुठं ठेवता?"

बाबांनी सांगितलं. स्टोव्ह, पत्रा, कव्हर, मॅच. सगळं खरं सांगितलं, कारण त्यांना वाटत होतं की चूक चार्जरची निघणार आहे.

तो मुलगा गंभीरपणे म्हणाला, "काका, एवढ्या उकाड्यात मीसुद्धा फुगलो असतो."

परतीच्या वाटेवर मांडव्याच्या फाट्याला गाडी आली तेव्हा बाबा म्हणाले, "इंजिनाला कूलिंग न्हाय मिळालं, असं झालं ते."

"हो."

"मग तसं सांगायचं ना आधी."

मी आधीच सांगितलं होतं, दिवाळीत. प्रयोगाची वही मी बंद केली आहे. एकानं नियम मोडला, दुसरीच्या मोबाइलशी शिक्षिकेनंच खेळ केला. त्यातून काही सिद्ध होत नाही. नवी बॅटरी घातल्यावर बाबा आता राजरोस फास्ट चार्जर वापरतात, कव्हर काढून, आईच्या मोबाइलशेजारी, गार फरशीवर. टपरीवर मात्र ते सोबत्यांना अजून सांगतात, की घाई केली की बॅटरी जाते. परवा एकानं विचारलं, मग तुमचा एवढ्या लवकर कसा भरतो? बाबा म्हणाले, "आमच्याकडं करंट चांगला हाय."