तांदळाच्या डब्यातला माईक

आमचे भाऊजी डोमाजी शेंडे यांनी आयुष्यात समुद्र पाहिलेला नाही. मध्य प्रदेशातल्या आमच्या बालाघाटहून कुठल्याही दिशेने निघा, समुद्र गाठायला गाडीत एक रात्र तरी काढावी लागते, आणि भाऊजींना प्रवासात मळमळतं. तरी अरबी समुद्रावर आज वारा कसा आहे, हे वारासिवनीच्या बाजारात धान कसं गेलं याच्या आधी त्यांना ठाऊक असतं. कारण त्यांच्याकडे हॅम रेडिओ आहे. हौशी माणसं परीक्षा देऊन, सरकारी परवाना काढून, ज्यावर देशोदेशी गप्पा मारतात तो रेडिओ. मी त्यांचा मेहुणा, मुकुंद. तहसिलीतून बाबू म्हणून निवृत्त झालो. तीस वर्षं या छंदाला मी नावं ठेवत आलो. लष्कराच्या भाकऱ्या भाजणं म्हणतात ते हेच, असं मी त्यांच्या तोंडावर सांगत असे आणि ते हसून चहा मागवत.

भाऊजींची सगळी नोकरी उकव्याच्या मॅंगनीज खाणीत गेली, वीजतंत्री म्हणून. खाणीत माणसं वर-खाली नेणारा पिंजरा असतो आणि त्याला घंटीने इशारे देतात. खालून जितके ठोके आले तितकेच वरच्याने परत वाजवायचे, मगच पिंजरा हलायचा. ऐकलं ते परत वाजव. ही सवय ते घरीही घेऊन आले. माझी बहीण पुष्पलता म्हणाली, "अर्धा किलो भेंडी आना," की हे दारातून, "अर्धा किलो भेंडी." मला तर ऐकून ऐकून कंटाळा आला होता.

आता डब्याचं सांगतो. हौशी लोकांनी रेडिओलहरींच्या ठरवून दिलेल्या पट्ट्यांवरच बोलायचं असतं. जहाजांच्या पट्ट्या वेगळ्या, तिथे तोंड उघडलं तर परवाना जाऊ शकतो. भाऊजींचा रेडिओ सेकंडहँड. आधीच्या मालकाने आतली केसाएवढी तार कापून तो कुठल्याही पट्टीवर बोलेल असा करून ठेवलेला. ती जोडण्याइतकी भाऊजींची नजर उरली नव्हती आणि नागपूरला न्यायचं राहून जात होतं. एकदा चुकून बटण दाबलं गेलं आणि दोन जहाजांच्या बोलण्यात यांचा खोकला शिरला. त्या दिवशी भाऊजी जेवले नाहीत. तेव्हापासून घरात नियम झाला: समुद्र ऐकायचा असेल तर माईक आधी काढायचा आणि पुष्पाताईच्या हवाली करायचा. ताई तो तांदळाच्या डब्यात ठेवायची, कारण स्वयंपाकघरातल्या तिच्या डब्याला हात लावायची भाऊजींची प्राज्ञा नव्हती.

तीन वर्षांपूर्वीच्या नोव्हेंबरात, दुपारी तीनच्या सुमाराला मी नेहमीप्रमाणे तिथे बसलो होतो. खरखरीतून एक माणूस हिंदीत ओरडू लागला. मासेमारीची बोट होती. इंजिन बंद, आत पाणी शिरतंय, सात माणसं आहेत. त्याने ठिकाणाचे आकडे सांगितले, थांबला, पुन्हा सांगितले. कोणी उत्तर देईना.

"किनाऱ्यावरचे झोपले काय?" मी चिडून म्हणालो.

"त्याहिले ऐकूच नसन येत," भाऊजी म्हणाले. "रेडिओची लहर आभाळात वर जाते अन् दूर पडते. जवळचं मधातच सुटते. दिव्याखाली अंधार, मुकुंदराव."

त्यांनी तटरक्षक दलाचा, समुद्रातल्या सुटकेचा नंबर रेडिओवरच चिकटवलेला होता. फोन लावला. पलीकडच्या साहेबांनी शांतपणे सगळं लिहून घेतलं. त्यांना खरंच काही ऐकू आलं नव्हतं. पण शेवटचे दोन आकडे प्रत्येक वेळी खरखरीत बुडाले होते, आणि ते दोन आकडे नसले तर शोधायचा पट्टा शंभर किलोमीटरचा. दिवस मावळायला अडीच तास उरले होते. बोटीवरचा माणूस आता आकडे सोडून नुसताच "कोई है?" म्हणत होता.

भाऊजींनी फोन माझ्या हातात दिला.

"पुष्पा, माईक आन."

"समुद्र चालू आहे नं?" ताई दारातच थांबली.

"हौ. म्हनूनच आन."

तिने माईक आणला. जाळीत रामपायलीच्या नव्या तांदळाचे दोन दाणे अडकले होते. भाऊजींनी ते फुंकलेसुद्धा नाहीत. बटण दाबून म्हणाले, "भाई, मैं सुन रहा हूँ। आखिरी के दो नंबर बोलो। एक-एक करके।" पलीकडचा माणूस रडायला लागला आणि रडत रडत त्याने आकडे सांगितले. भाऊजींनी ते परत म्हटले, एक एक, घंटीच्या ठोक्यांसारखे. तो म्हणाला, हाँ. मग कुठे ते मी फोनमध्ये सांगितले.

त्यानंतर वाट पाहण्याशिवाय काही उरलं नाही. मी येरझाऱ्या घालत होतो आणि हा माणूस टेबलाशी बसून दिल्लीच्या परवाना कार्यालयाला पत्र लिहीत होता! अमुक वाजता, माझ्या परवान्यात नसलेल्या पट्टीवर मी बोललो, रेडिओची तार कापलेली आहे हे मला माहीत होतं, परवाना काढून घ्यायचा तर घ्यावा. मी भडकलोच.

"आ बैल मुझे मार! काहून लिहून राह्यले? निदान वाचले का नाही ते तर कळू द्या!"

"वाचले तर चूक नाही, अन् नाही वाचले तर चूक, असं असते काय? बोललो तर बोललो."

साडेसहाला फोन आला. भाऊजींनी ऐकलं आणि सवयीप्रमाणे परत म्हटलं, "सात. सातही. जिंदा." मग फोन टेबलावर ठेवून ते ताईच्या पदरात तोंड लपवून रडले. चाळीस वर्षांत मी हे पाहिलं नव्हतं. मला त्या क्षणी माझ्या सगळ्या टोमण्यांची लाज वाटली.

पत्रात सात जणांचा उल्लेख घाला म्हटलं, तर ऐकेनात. सजा विचारताना शाबासकी मागायची नसते म्हणे. टाकायला मात्र पत्र माझ्याकडेच दिलं. मी त्यांना न सांगता पोस्टात उभ्या उभ्या एक कागद लिहिला, घडलं ते सगळं मांडलं आणि पाकिटात सरकवून दिला. उत्तर यायला चार महिने लागले. तेवढे दिवस माईक डब्यातच होता, भाऊजी रेडिओवर कोणाशी एका शब्दानेही बोलले नाहीत.

आलेलं पत्र त्यांनी मला मोठ्याने वाचायला सांगितलं. परवाना कायम, तार ताबडतोब जोडून घ्यावी. आणि शेवटी एक ओळ होती: सोबतच्या श्री. मुकुंद यांच्या निवेदनाची नोंद घेतली आहे.

मी खाली मान घातली. भाऊजींनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"म्हनजे तुमीबी बोलले, मुकुंदराव," ते म्हणाले. "बिनालायसनचे."

आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून त्यांनी ताईला हाक मारली, "पुष्पा, माईक आन. मुकुंदरावांसाठी चहाबी ठेव."

"माईक अन् चहा," ताईने आतून परत म्हटलं.