आधी माझा सांगावा

"कुणासाठी थांबवता रे मढं? तुमच्यात काय तोंड बघायचं असतं व्हय? उचला. खळं पडलंय तिकडं."

पाटील बोलला. माझ्या बापाच्या मढ्यासमोर, महारवाड्याच्या तोंडाशी उभा राहून, नाकाला उपरणं लावून बोलला.

मायनं पदर पसरला. "मालक, थोरला औरंगाबादला टेसनावर हमाली करतो. तेवढा येऊ द्या. बापाचं तोंड बघू द्या त्याला."

नाय म्हणजे नाय. वस्तीतले सगळे बाप्ये त्याच्या खळ्यावर कामाला. त्यांचा खोळंबा होत होता ना! उचललं. मी दहा-अकरा वर्षाची असंन. मला मागं सारलं. बापाचा पाय तेवढा दिसला, भेगाळलेल्या टाचेचा.

त्या भेगा पाटलाच्याच. बाप गावाचा सांगावा वाहायचा. गावात कुणी मेलं की पाहुण्यांना कळवायला पायी निघायचं. अंगणाबाहेर उभं राहून ओरडायचं, "तुमची आत्या गेली हो!" मग तिथंच धुळीत बसून भाकरीची वाट बघायची. ती वरून टाकायचे. आख्ख्या मुलखाला त्यानं मरणाची खबर दिली. त्याच्या मरणाची खबर त्याच्या लेकाला द्यायला एक माणूस सोडला नाय पाटलानं.

पोलीस ॲक्शन होऊन गेली होती, बरं का. निजाम गेला म्हणून गावात साखर वाटली. चावडीवर तिरंगा लागला. खाली बसणारा पाटील तोच.

आठवडाबी उलटला नाय, पाटलाची माय मेली. चावडीवरून हाक आली. घरात बाप्या नाय, तर पोरीला धाडा.

"हर्सूलला माझी बहीण दिलीय. पळत जा. माय गेली म्हणावं. ती आल्याबिगर उचलणार नाय. तिला तोंड बघायचंय."

म्हातारीला सावलीत ठेवलं होतं. दोन बाया वारा घालत होत्या. मढ्याला वारा! माझ्या बापाच्या तोंडावर माशा बसल्या होत्या.

निघाले. पडेगाव मागं पडलं. डोक्यात एकच. तिला तोंड बघायचंय. तिला तोंड बघायचंय. छावणीपाशी रस्ता फुटला. एक हर्सूलकडं, एक टेसनाकडं. तिथं पाय थांबले. सांगावा तर न्यायचाच होता. मग आधी कुणाचा?

टेसनाकडं वळले.

दादाच्या पाठीवर कापसाची गाठ होती.

"दादा, बा गेला."

"कधी?"

"मागल्या बाजारादिवशी."

गाठ खाली पडली. दादा तिथंच बसला. म्हणला, "तू तरी पाहिलंस का तोंड?"

"पाय पाहिला."

मग आम्ही दोघं रडलो. येणारे-जाणारे बघत होते, बघू दे. बाप मेल्यावर पहिल्यांदा पोटभर रडले मी.

मग हर्सूलला सांगावा टाकून दिवस बुडता गावात आलो. वाट बघून म्हातारीला पेटवलं होतं. पाटलानं मला चावडीपुढं कोरड्यानं हाणलं. मी ओरडले, "तुमच्यात तोंड बघायचं असतं व्हय? अन् आमच्यात नाय?" दादानं त्याचा हात धरला. गावात पाटलाचा हात पहिल्यांदा कुणी तरी धरला. दुसऱ्या दिवशी आम्ही गाव सोडलं. त्याची बहीण राखेपुढं बसली म्हणं. तिची कीव येते मला. त्याची नाय.

शिकले. शाळेत बाई झाले. अन् एक काम धरलं ते आजतागायत. शहरात कुणाची माय, कुणाचा बाप गेला की त्या लेकरांपाशी जाऊन बसायचं. मोठी माणसं म्हणतात, लेकरांना शेजारी न्या, त्यांना काय कळतंय. मी म्हणते, आधी लेकराला विचारा. तोंड बघायचं असंल तर बघू दे. तोवर मढ्याला कुणी हात लावायचा नाय.

परवा दारात मोटार थांबली. एक बाप्या उतरला. त्याची बायको गेलेली. दोन लेकरं जेवत नाहीत, बोलत नाहीत. "आजी, तुम्ही चला." गाव विचारलं. सांगितलं त्यानं. त्याच पाटलाचा नातू.

गेले. लेकरांवर माझा कसला राग? धाकटी मांडीत शिरून हमसून रडली. तो आत यायला लागला, तसा उंबऱ्यावर अडवला.

"माझ्या बापाचं नाव सांग."

"कोण हो?"

"तुमच्या घरच्या मयतीचे सांगावे वाहायचा तो."

"नाव ठाऊक नाही," म्हणला.

"लोक विचारतात, माफ केलंस का? नाय केलं. करणार बी नाय. गावात जा. महारवाड्यात दारोदार विचार. नाव घेऊन ये. तोवर मी रोज येणार, लेकरांपाशी बसणार. मी असंपर्यंत तू बाहेर उभा राहायचं."

"जातो," म्हणला अन् खिशातून मोटारीची किल्ली काढली.

"पायी," म्हणलं. "माझा बाप पायीच जायचा."

अन् आतून कडी लावली.